हक्कनोंदीपासून केसपेपरपर्यंत

महसुलाच्या इतिहासात इंदापूर तालुक्याचे नाव मोठे आहे. कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या काळात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीच्या निव्वळ उत्पन्नावर सारा बसवण्याचा घाट घातला. हिशेब कागदावर चोख होता, पण भीमा-नीरेच्या मधल्या कोरडवाहू रानाला तो पेलला नाही. जमिनी पडीक पडल्या आणि रयत परागंदा झाली. मग 1835 पासून गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरापासूनच नवी पाहणी सुरू केली, तीस वर्षांसाठी नवे दर ठरवले आणि तीच रीत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. जमिनीच्या मोजणीबरोबर त्याच दशकांत आणखी एक छाननी चालू होती. गावाच्या उत्पन्नातून कोणाला काय मिळते, ते कोणत्या सनदेने मिळते आणि ते पुढे चालू ठेवायचे की नाही, हे सरकार तपासत होते. या छाननीत दख्खनमधल्या हिजड्यांचे हक्कही आले. त्या छाननीचा धागा आजच्या एका प्रश्नापर्यंत येतो. आज ट्रान्स स्त्रियांच्या हार्मोन उपचारांचे धोके हा विषय निघाला की चर्चा गोळ्या, रक्ताच्या गुठळ्या आणि यकृत यांवर येऊन थांबते. ती चर्चा खरी आहे, पण अर्धी आहे. औषधाचा धोका किती वाढतो हे ते कोणाच्या देखरेखीखाली घेतले जाते यावर ठरते, आणि ही देखरेख कोणाला मिळावी याचा निवाडा या मुलखात हार्मोनची पहिली गोळी तयार होण्याच्या कितीतरी आधी झाला होता.

मराठी राज्यात हिजड्यांची दखल घेतली जात होती, याला कागदोपत्री आधार आहे. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने 1987 मध्ये मुंबई इलाख्याच्या दप्तरातून हा विषय पुढे आणला. त्यातून दिसते ते असे: काही हिजड्यांकडे इनाम जमिनी होत्या, काहींना रोख नेमणुका होत्या, आणि ठरावीक परगण्यात गावोगाव फिरून मागण्याचा हक्क राज्याने मान्य केलेला होता. हा हक्क गुरूकडून चेल्याकडे जाई. रक्ताचा वारस नसलेल्या माणसाची परंपरा राज्याने वारसा म्हणून धरावी, ही त्या काळातही लहान गोष्ट नव्हती. पण म्हणून त्या काळाला सोन्याचा मुलामा चढवायचे कारण नाही. मागण्याचा हक्क म्हणजे मान नव्हे. पुरुषी अवयव काढण्याचे, निर्वाण म्हणून ओळखले जाणारे जे शस्त्रकर्म दाई किंवा जाणता गुरुभाई करी ते भूल आणि जंतुनाशके यांच्याशिवाय होई, आणि त्यातून उठणारे व न उठणारे यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. सांगायचे ते इतकेच की या समूहाचे अस्तित्व राज्याच्या व्यवहारात उघड होते. त्यांचा शब्द तक्रार म्हणून कचेरीत ऐकला जाऊ शकत होता.

कंपनीच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. सरकारने ज्या मागण्याला पाठिंबा द्यायचा ते मागणे अश्लील आहे, धाकाने चालते, आणि त्याला सनद देणे म्हणजे सरकारने त्यात सामील होणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मागण्याच्या हक्काला सरकारी आधार राहिला नाही. इनामांच्या चौकशीसाठी 1852 चा अकरावा कायदा आला, तेव्हा जे इनाम चालू ठेवल्याने देशाचा कायदा किंवा सार्वजनिक सभ्यता मोडते ते चालू ठेवण्याचे बंधन सरकारवर नाही, अशी सोय त्याच्या नियमांत होती. हिजड्यांची इनामे या चाळणीत अडकली. 1860 च्या दंडसंहितेत गंभीर दुखापतीच्या व्याख्येत पहिलाच प्रकार पुरुषत्व नष्ट करण्याचा घातला गेला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने हिजड्यांची पोलिसांकडे नोंदणी सुरू केली. तो भाग वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब यांसाठी होता. मुंबई इलाख्यात ती नोंदणी आली नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवे, कारण या कायद्याचा उल्लेख सरसकट सगळ्या देशासाठी केला जातो. पुणे जिल्ह्यातला अनुभव वेगळा होता. उत्तरेत सरकारने हिजड्यांना संशयित म्हणून वहीत चढवले. दख्खनमध्ये हक्कदार म्हणून असलेले नाव वहीतून गळू दिले. दोन्हीकडे शेवट एकच झाला. शरीरात बदल करण्याचे काम सरकारच्या, आणि म्हणून सरकारी दवाखान्याच्या, नजरेआड गेले.

नजरेआड गेलेल्या शरीराचे काय होते, हे वैद्यकाला कळायला फार वेळ लागला. अंडकोष काढलेल्या माणसाला हार्मोन मिळाले नाहीत तर हाडे विरळ होतात, कालांतराने पाठीला पोक येते, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी मोठी होते. ही निरीक्षणे रशियातल्या स्कोप्त्सी पंथाच्या, चीनच्या आणि उस्मानी दरबारांतल्या खोजांच्या जुन्या वैद्यकीय नोंदींत आहेत. 1999 मध्ये विल्सन आणि रोहरबॉर्न या डॉक्टरांनी त्या एकत्र मांडल्या. तिथे दरबार किंवा पंथ यांच्यामुळे निदान तपासणी झाली. इथे निर्वाण झालेली व्यक्ती म्हातारपणी वाकली, मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळली, तर ते वयाचे किंवा नशिबाचे मानले गेले. म्हणून हार्मोन घेण्यात धोका आणि न घेण्यात सुरक्षितता अशी सरळ विभागणी इतिहासात सापडत नाही. ज्यांच्या शरीराने स्वतःचे हार्मोन बनवणे थांबवले आहे, त्यांना काहीच न देणे हाही एक उपचार आहे, आणि तो वाईट उपचार आहे.

1938 मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत इनहॉफेन आणि होलवेग यांनी एथिनिल इस्ट्राडिओल हे रसायन तयार केले. तोंडाने घेतल्यावर यकृतात सहज न मोडणारे इस्ट्रोजेन हवे होते, ते मिळाले, आणि पुढे जगभरच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा तोच कणा झाला. भारतात कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम 1952 मध्ये सुरू झाला. पुढे त्यात माला-डी आणि माला-एन या गोळ्या आल्या: पहिली स्वस्तात मेडिकलमध्ये, दुसरी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट. दोन्हींत एथिनिल इस्ट्राडिओल 0.03 मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम, पाकिटात अशा एकवीस गोळ्या आणि लोहाच्या सात. ज्या ट्रान्स स्त्रीला हार्मोन लिहून देणारा डॉक्टर मिळत नव्हता, तिच्या हाताला लागलेले स्त्री-हार्मोन हेच होते. गुरूने चेल्याला, मैत्रिणीने मैत्रिणीला सांगितले आणि प्रथा पडली. एका गोळीने फरक दिसेना तेव्हा दोन, तीन, चार. यात दोन घोटाळे आहेत. पहिला असा की गोळीतले दुसरे रसायन, लेव्होनॉरजेस्ट्रेल, काहीसे पुरुषी हार्मोनच्या वळणाने वागते. गोळ्या वाढवल्या की हवे ते आणि नको ते दोन्ही एकदम वाढते. दुसरा अधिक गंभीर. विवाहित बाईला माला-एन देताना आशाताई आणि नर्सबाई यांना काही प्रश्न विचारायला शिकवलेले असते: रक्तदाब आहे का, पायात कधी गुठळी झाली होती का, कावीळ, अर्धशिशी, पस्तिशीनंतर धूम्रपान? हे प्रश्न उगाच केलेले नाहीत. त्यांच्यामागे लाखो बायकांवर झालेला अभ्यास आहे. गोळी तीच, पण ट्रान्स स्त्रीकडे ती या प्रश्नांशिवाय पोचली. राज्याच्या सर्वांत मोठ्या आरोग्य कार्यक्रमातले औषध तिला मिळाले, त्याच्याबरोबरची सावधगिरी मिळाली नाही.

ही सावधगिरी किती मोलाची, ते अॅमस्टरडॅमच्या अनुभवावरून कळते. तिथल्या रुग्णालयाने ट्रान्स रुग्णांना उघडपणे उपचार दिले आणि दशकानुदशके नोंदी ठेवल्या. 1989 मध्ये 303 ट्रान्स स्त्रियांच्या नोंदी तपासल्या तेव्हा शिरांमधल्या गुठळ्यांचे प्रमाण अपेक्षेच्या 45 पट निघाले. तेव्हा तिथे दिवसाला 0.1 मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिओल आणि सोबत पुरुषी हार्मोन रोखणारे सायप्रोटेरोन देत होते; म्हणजे माला-एनच्या तीन गोळ्यांहून थोडे अधिक इस्ट्रोजेन. 1997 मध्ये 816 जणींच्या नोंदी पाहिल्या तेव्हा प्रमाण 20 पट होते, आणि चाळिशीपुढच्या रुग्णांना त्वचेवर लावायचे इस्ट्रोजेन देऊ लागल्यावर ते आणखी घटल्याचे दिसले. 2003 मध्ये कारणही उलगडले. एथिनिल इस्ट्राडिओल रक्त गोठवण्याच्या यंत्रणेला जेवढे डिवचते तेवढे शरीराच्या जातीचे साधे इस्ट्राडिओल डिवचत नाही. त्वचेतून दिलेले तर यकृताला वळसा घालून रक्तात जाते. 2011 मध्ये 966 ट्रान्स स्त्रियांचा दीर्घ मागोवा प्रसिद्ध झाला. त्यात एथिनिल इस्ट्राडिओल चालू असलेल्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका तिप्पट दिसला. आपल्याकडे ज्या गोळ्यांना स्वस्त आणि सोपी वाट समजले गेले, त्यांतल्याच रसायनावर हा ठपका आहे.

बाकीचे धोके याहून लहान आहेत, पण नसल्यात जमा नाहीत. अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, जिथे एथिनिल इस्ट्राडिओलचा वापर जवळजवळ नव्हता, आठ वर्षांच्या शेवटी पुरुषांच्या तुलनेत दर हजारी सुमारे 17 जणींना अधिक गुठळ्या झाल्या. म्हणजे चांगल्या औषधानेही धोका शून्यावर येत नाही. तो मोजता येण्याजोगा आणि सांगता येण्याजोगा होतो. सायप्रोटेरोन वर्षानुवर्षे मोठ्या मात्रेत घेतल्यास मेंदूच्या आवरणाची गाठ, मेनिन्जिओमा, होण्याची शक्यता वाढते. युरोपच्या औषध नियामकाने 2020 मध्ये त्याच्या मोठ्या मात्रेवर मर्यादा घातल्या. पुरुषी हार्मोन रोखणारे दुसरे औषध, स्पायरोनोलॅक्टोन, घेणाऱ्याच्या रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, म्हणून ते मधूनमधून तपासावे लागते. स्तनाच्या कर्करोगाबाबत 2019 च्या डच अभ्यासात 2,260 ट्रान्स स्त्रियांपैकी 15 जणींना पसरणारा कर्करोग आढळला; पुरुषांच्या मानाने हे कितीतरी पट जास्त, पण इतर स्त्रियांच्या मानाने बरेच कमी. या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक धोक्याला उत्तर आहे, आणि ते औषध बदलण्यात, मात्रा बदलण्यात किंवा एखादी साधी चाचणी वेळेवर करण्यात आहे. पण ते उत्तर देणारे कोणी समोर असावे लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: धोके इतके असतील तर हे उपचार देऊच नयेत, सरकारने तर नाहीच नाही. हा आक्षेप काळजीच्या सुरात मांडला जातो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. 1852 नंतरचा अनुभव हेच सांगतो की सरकारने हात काढून घेतल्याने शरीर बदलण्याची गरज संपली नाही. ती दाईकडे गेली आणि नंतर मेडिकलच्या काउंटरवर गेली. नकार दिल्याने हार्मोन घेणाऱ्यांची संख्या कमी होईल असे मानायला आधार नाही. चाचणी न करता घेणाऱ्यांची मात्र वाढेल. शिवाय त्याच 2011 च्या डच अभ्यासात ट्रान्स स्त्रियांचा मृत्युदर सामान्य लोकसंख्येपेक्षा 51 टक्के अधिक होता, तो मुख्यतः आत्महत्या, एड्स, हृदयविकार आणि अमली पदार्थ यांमुळे. कर्करोगाने होणारे मृत्यू एकूणात वाढलेले नव्हते. ज्या समाजात उपचार उघड होते तिथेही अपमान आणि एकटेपण यांनी औषधाहून जास्त बळी घेतले असतील, तर उपचार लपवून जीव वाचतील ही आशा फोल आहे. या आक्षेपातला एक भाग मात्र स्वीकारलाच पाहिजे. धोक्याची माहिती गुळगुळीत करून सांगणे ही रुग्णाची फसवणूक आहे. ट्रान्स स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी गुठळी, हाडे आणि संतानक्षमता यांबद्दल आधी आणि स्पष्ट बोलले पाहिजे. ते विरोधकांवर सोडले की खरी माहितीसुद्धा धमकीसारखी ऐकू येते.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे: हे आकडे हॉलंड-अमेरिकेचे आहेत, भीमाकाठच्या माणसाला ते लागू कसे पडतील? प्रश्न रास्त आहे. आनुवंशिकता, आहार, तंबाखू, मधुमेहाचे प्रमाण, उन्हातले श्रम आणि त्यातून होणारे निर्जलीकरण हे सगळे वेगळे आहे. पण ते आकडे देखरेखीखालच्या, मात्रा ठरवून दिलेल्या, नियमित रक्त तपासलेल्या रुग्णांचे आहेत. तिथे एवढा धोका, तर मनाने मात्रा वाढवणाऱ्या आणि रक्तदाब कधीही न मोजलेल्या व्यक्तीला तो कमी असेल असा तर्क कसा करणार? भारतातल्या हार्मोनतज्ज्ञांनी 2020 मध्ये इथल्या परिस्थितीसाठी एकमताने मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. एथिनिल इस्ट्राडिओल टाळावे हे जगभरच्या वैद्यकीय मतात आता वादाचे राहिलेले नाही. इथले आकडे हवेत हे खरेच. पण आकडे तिथेच जमतात जिथे रुग्णाच्या नावाचा केसपेपर निघतो, आणि तो निघाला नाही तर अभ्यासाची अटही कधी पूर्ण होणार नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तालुक्याच्या ठिकाणी तोच सर्वांत जड. उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळताना मारामार, सर्पदंश आणि बाळंतपणे यांतून सवड नाही, तिथे मूठभर लोकांसाठी हार्मोनचा दवाखाना कुठून आणायचा? पण इथे हार्मोनची गरज मूठभरांचीच आहे, हे गृहीत तपासून पाहू. बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांचा ऊस तोडायला दरवर्षी बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून टोळ्या येतात. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, आणि अनेकींची ऐन तारुण्यात. जिचे बीजकोशही गेले, त्या तिशीतल्या बाईची हाडे आणि हृदय यांना ज्या इस्ट्रोजेनची उणीव भासते, ते आणि निर्वाण झालेल्या व्यक्तीला लागणारे इस्ट्रोजेन एकाच जातीचे आहे. तपासण्याही त्याच: रक्तदाब, साखर, यकृत, चरबी, आणि शक्य असेल तिथे हाडांची घनता. फडात कोयता चालवणारी बाई आणि रेल्वेच्या डब्यात टाळी वाजवणारी ट्रान्स स्त्री यांना एकाच प्रकारच्या दुर्लक्षाने गाठले आहे. दोघींच्या शरीरातून एक अवयव घाईने काढला गेला आणि त्यानंतरच्या चाळीस वर्षांची जबाबदारी कोणी घेतली नाही. एका टेबलावर दोघींचा उपचार होऊ शकतो. त्यासाठी नवी इमारत लागत नाही; आहे त्या वैद्यकीय अधिकाऱ्याला प्रशिक्षण आणि औषधांच्या यादीत एक-दोन नावांची भर लागते.

कायद्याने आपली बाजू बरीच पूर्ण केली आहे. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) खटल्यात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्याच्या पंधराव्या कलमात हार्मोन उपचार, आधीचे आणि नंतरचे समुपदेशन, डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार आणि विमा यांची जबाबदारी सरकारवर टाकली गेली. 2022 मध्ये आयुष्मान भारतच्या जोडीने वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या संरक्षणाची योजना जाहीर झाली. प्रत्यक्षातली सेवा मात्र अजून अधांतरी आहे. ट्रान्स समाजासाठीचे मित्र क्लिनिक 2021 मध्ये हैदराबादेत सुरू झाले, पुढे पुण्यात आणि कल्याणला. पैसा अमेरिकी मदतीचा होता, आणि जानेवारी 2025 मध्ये ती मदत थांबताच तिन्ही दवाखाने बंद पडले. परक्या देशाच्या अंदाजपत्रकावर चाललेली आरोग्यसेवा हक्क ठरत नाही, ती मर्जी ठरते, आणि मर्जी कशी काढून घेतली जाते याचा अनुभव या समूहाला पावणेदोनशे वर्षांचा आहे. इंदापूरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. तिथले क्लिनिक चालू असतानाही तीन महिन्यांनी रक्त तपासायला एक दिवसाची कमाई बुडवून जाणे किती जणींना परवडत असेल?

म्हणून या प्रश्नाचे उत्तर तालुक्यातच शोधायला हवे, आणि ते अवाक्याबाहेरचे नाही. बारामतीत 2019 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याने आठवड्यातून एक वेळ ठरवून हार्मोन घेणाऱ्यांना, मग ती बीजकोश काढलेली ऊसतोड कामगार असो की ट्रान्स स्त्री, एकाच रांगेत बसवले, गर्भनिरोधक गोळ्या थांबवून साधे इस्ट्राडिओल सुरू केले, आणि इंदापूरच्या रुग्णालयाला मधल्या तपासण्या नेमून दिल्या, तर गुठळीचा धोका कमी करण्याचे सर्वांत मोठे काम तिथेच होईल. माला-एन देताना विचारले जाणारे प्रश्न तिथे प्रत्येकीला विचारले जातील. पंधरावे कलम या दोन तालुक्यांपर्यंत पोचले की नाही, हे त्या प्रश्नांवरूनच ठरवावे.